हौसाबाईची चौथी सुई

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या हातांना सुकटीचा वास आला.

वास अगदी मंद होता. त्यांच्या ओंजळीत तांब्याने पाणी घालणाऱ्या शिष्येखेरीज तो कुणाला जाणवलाही नसता. पण ती थोरली शिष्या. सहा वर्षे तिने त्या हातांवर पाणी घातले होते. त्यांना कधी सुंठीचा वास यायचा, कधी हिरड्याचा. जन्मात मासळीला न शिवलेल्या माणसाच्या बोटांना हा वास कुठून आला? तिच्या छातीत धस्स झाले. तिचा स्वभावच तसा. भांडे पडले तरी दचकायची. तिने पंचा पुढे केला, तोच धाकटी शिष्या हात धुवायला आली. तिच्याही हातांना तोच वास.

धाकटीला येऊन उणेपुरे चार महिने झाले होते.

थोरलीने काही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि मत्सराला उत्तर नको असते, चघळायला काहीतरी हवे असते. ज्या अर्थी दोघांच्या हातांना एकच वास, त्या अर्थी दोघे एकाच ठिकाणी जाऊन आले होते, आणि तिला सांगितले नव्हते. एवढे तिला चार दिवस पुरले.

पाचव्या दिवशी सकाळीच ते दोघे पुन्हा निघाले, तेव्हा ती अंतर ठेवून मागे गेली. बाजारात मासळीच्या ओळीत पाहते तर वैद्यबुवा पोत्यावर मांडी घालून बसलेले. पुढ्यात बोंबलाच्या जुड्या, सुकटीचा ढीग आणि तराजू. शेजारची भाजीवाली, बुवा आता काढ्यात बोंबील घालणार का, म्हणून सगळ्या ओळीला ऐकू जाईल असे विचारत होती. पथ्य पाळणाऱ्याला दोन बोंबील जास्त, असे बुवा गंभीरपणे सांगत होते आणि लोक हसत होते. थोडा वेळ गेल्यावर एसटी स्टँडकडून धाकटी धावत आली आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली. बुवांनी सरकून तिला जागा दिली.

थोरलीने फक्त ते सरकणे पाहिले आणि घरी परतली.

पुढे धाकटीनेच एकदा औषध कुटता कुटता सारे सांगितले, जणू त्यात लपवण्यासारखे काही नव्हतेच. सुकट विकणाऱ्या हौसाबाईला बाजारातला कुत्रा पोटरीला चावला होता. शेजारणीने जखमेवर मिरचीपूड दाबली होती. बुवांनी ती काढून, साबण लावून, पाव तास वाहत्या पाण्याखाली जखम धुतली आणि बाईला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात धाडले. तिथे चार सुया सांगितल्या. पहिली त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तीन झाल्या होत्या. आता धाकटीच्या आईचे ऑपरेशन निघाले होते, म्हणून तिला गावी जायचे होते.

“शुक्रवारी चौथी आहे, ताई,” निघताना ती थोरलीला म्हणाली. “बुवा तिच्या जागी बाजारात बसतील. तिला घरून उठवून बसमध्ये बसवायचे, एवढेच आपले काम. पण आठवणीने जा हं. पाय बरा झाला म्हणून ती आधीच कंटाळलीये. कुणी बोलवायला गेले नाही तर सुई रद्द झाली असे समजून घरीच बसेल.”

थोरलीने “बरं” म्हटले.

शुक्रवार उजाडला. छत्री उचलताना बुवा म्हणाले, धाकटी तुला सांगून गेली असेलच, आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर पडले. हौसाबाईची पाटी आदल्या संध्याकाळीच भाजीवालीकडे येऊन पडली होती. थोरली ओसरीवर गुळवेल निवडत बसली. दहाची बस गेल्याचा आवाज आला, तेव्हा तिचे हात क्षणभर थांबले. वाक्य तिने जुळवून ठेवले होते: मला कुणी काही सांगितलेच नाही. मग बुवांना कळेल, कुणावर विसंबावे आणि कुणावर नाही. त्या वाक्यात तिला लिमलेटच्या गोळीसारखी गोडी लागली होती.

अकराच्या सुमारास गुडघ्याच्या तेलासाठी धान्याचा व्यापारी आला. बुवा बाजारात आहेत हे ऐकून तो चिडलाच. वैद्याने बोंबील विकायचे तर वाण्याने काय नाडी बघायची, असे म्हणत त्याने थोरलीला बरोबर घेतले आणि तो तरातरा मासळीच्या ओळीत येऊन उभा राहिला.

“बुवा, या बाईच्या दिवसाचे काय होतात? चारशे? पाचशे? मी देतो. तुम्ही उठा. तुम्हाला हे शोभत नाही.”

बुवांनी आधी गिऱ्हाईकाची सुकट कागदात बांधून दिली. मग म्हणाले, “बसा, शेठ. पोते स्वच्छ आहे.”

व्यापारी बसला नाही. बुवा शांतपणे बोलू लागले.

“सुई सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरी माणसे शेवटची घ्यायला जात नाहीत. कारण सुई फुकट असली तरी दिवस फुकट नसतो. आणि या बाजाराची रीत तुम्हाला ठाऊक आहे, जागा बसणाऱ्याची. आज हे पोते रिकामे राहिले की उद्या इथे दुसऱ्या कुणाची पाटी. तुमच्या पाचशे रुपयांनी तिचा आजचा दिवस भरेल, उद्याची जागा भरणार नाही. म्हणून मी बसतो.”

व्यापाऱ्याने मान हलवली. पण बुवांचे संपले नव्हते.

“तो कुत्रा तीन वर्षे तुमच्या दुकानाच्या पायरीवर निजत होता. त्याला दरवर्षी लस टोचून घेऊ, असे मी म्हटले होते. तुम्ही म्हणालात, कुत्रा रस्त्याचा, मी का खर्च करू? तो चावला, तेव्हा तुमच्या हमालांनी त्याला हाकलून लावले. पिसाळलेला आहे का हे कळायला दहा दिवस नजरेखाली ठेवायलाही तो उरला नाही. तो खर्च काही टळला नाही, शेठ. तुमच्या पायरीवरून उठला आणि हौसाबाईच्या पोत्यावर येऊन बसला. आपल्या वाट्याचे काम आपण टाळले की त्याचे मोल नाहीसे होत नाही. ज्याला ते सर्वांत कमी झेपते, त्याच्या दारी ते जाते. आणि हा रोग एकदा अंगात उठला, की मग कितीही मोजा, औषध नाही.”

व्यापारी धोतर सावरून पोत्याच्या कडेला टेकला.

“असो,” बुवा थोरलीकडे वळून म्हणाले, “आपली बाई आता तालुक्याला पोचली असेल.”

त्यांच्या नजरेत शंकेचा लवलेश नव्हता. सहा वर्षे तिला हीच नजर हवी होती, आणि ती तर सारा वेळ तिच्याकडेच होती. जुळवून ठेवलेले वाक्य ओठांपर्यंत आले, पण बाहेर पडेना.

“बुवा, मी तिला बोलावलेच नाही,” ती म्हणाली. “मला ठाऊक होते. धाकटीने सांगितले होते.”

तराजूचे पारडे हलायचे थांबले. बुवा रागावले नाहीत.

“एकची बस आहे अजून,” ते म्हणाले. “मी इथे बसलोच आहे. तू जा.”

ती धावत सुटली. हौसाबाईची वस्ती नाल्यापलीकडे होती. बोळाच्या तोंडाशी एक पिवळा कुत्रा आडवा पडला होता. त्याने मान वर केली तशी ती जागीच थिजली. एरवी ती तिथूनच परतली असती. आता कुडाला पाठ घासत, श्वास रोखून ती पुढे सरकली. धाकटीच्या नावावर घालायला निघालेली चूक कुणाला भरावी लागणार होती, हे तिला त्या बोळात पहिल्यांदा नीट दिसले. धाकटीला नव्हे. धाकटी आईच्या उशाशी बसली होती, तिचे काहीच बिघडणार नव्हते.

दार लोटलेले होते. तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. शेजारच्या परड्यात कोंबड्या तेवढ्या फडफडल्या. बाई कुठे लांब निघून गेली असेल तर? एकची बस चुकली तर आज दुसरी नव्हती. आपला आवाज इतका मोठा होऊ शकतो हे तिला माहीत नव्हते, इतक्या मोठ्याने तिने तिसरी हाक मारली.

घरामागून भांडे ठेवल्याचा आवाज आला.

“कोन, धाकटी का गं? सकाळपास्नं तुजीच वाट बघत व्हते. थांब, लुगडं बदलून आलेच.”

थोरलीने ते नाव दुरुस्त केले नाही.