झिबल गायकीचं खिंडार

आखरावरचा हा वड जेव्हा नव्हता, तेव्हाची गोष्ट. तेव्हाही गावची गुरं रोज सकाळी इथंच गोळा व्हायची, आणि त्यांना रानात न्यायचा झिबल. गुरं राखणाऱ्याला आपल्याकडे गायकी म्हणतात, तर झिबल गावचा गायकी. माणूस तिरसट. माणसांशी धड बोलायचा नाही, गुरांशी मात्र दिवसभर गप्पा. त्याची बायको पार्बता म्हणायची, पुढच्या जन्मी गाय होऊन येते, तेव्हा तरी माझ्याशी बोलाल.

दिवाळीच्या पाडव्याला गोधन असायचं. झिबल आखरावर आडवा निजायचा आणि गुरं त्याच्यावरून उड्या घेत जायची. पहिली उडी चंद्रीची. चंद्री त्याची स्वतःची गाय, गळ्यात लाकडी घंटा, अख्खा कळप तिच्या मागं. इतकी वर्षं गुरं त्याला ओलांडत आली, पण एक खूर कधी त्याला लागला नाही, असं म्हणतात.

त्या साली पाऊस मध्येच रुसला. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली, लोकांनी ती चाऱ्याला कापून घेतली. मग दिवाळीच्या तोंडावर एक सर आली आणि नाल्यापलीकडच्या वावरात धसकटांना हिरवेगार फुटवे आले. बाकी सगळं रान उजाड. पण अशा सालच्या फुटव्यांत जहर असतं. गुरानं चार घास घेतले की ते धापा टाकतं, थरथरतं आणि बघता बघता संपतं. गावाला हे ठाऊक होतं, म्हणून त्या वावराला काट्यांचं कुंपण घातलं होतं.

पाडवा झाला आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी चुलीसाठी कुंपणातले काटे ओढून नेले. कोणी, ते विचारू नका. त्याची नातवंडं-पतवंडं इथंच बसली असतील.

भर दुपारी पार्बता भाकरी घेऊन निघाली. नाल्याअलीकडच्या धुऱ्यावर, त्या उंच बांधावर, ती चढली आणि तिला दिसलं, की कुंपणाला खिंडार पडलंय आणि उपाशी कळप हिरव्याच्या वासानं तिकडं सुटलाय. झिबल काठी फिरवत होता, पण त्या दिवशी त्याचं ऐकतं कोण? तो धावत पुढं गेला आणि खिंडारात आडवा निजला. माझ्या अंगावर पाय द्यायची नाहीत, एवढा त्याचा भरवसा.

झिबल घाईत जे विसरला, ते पार्बताच्या ध्यानात आलं होतं. गायकी निजला की त्याच्यावरून उडी घ्यायची, हे गुरांना त्यानंच शिकवलं होतं.

"अवो, उठा! उभे राहा!" ती ओरडली. वारा उलटा होता. चंद्रीनं उडी घेतली.

पार्बता नाल्यात उतरली. तिथून पलीकडचं काही दिसेना. घंटा वाजत होती, ती थांबली. चिटपाखरूसुद्धा बोलेना. पार्बता कान देऊन उभी राहिली. मग घंटा पुन्हा वाजू लागली, तिच्याच दिशेनं येत.

समोरच्या उतारावरून झिबल येत होता. हातात चंद्रीची घंटा. मागं सगळा कळप, माना खाली घालून, न हंबरता. गुरांच्या खुरांनी धूळ उडत होती, त्याच्या पावलांनी उडत नव्हती. पण पार्बताला तेव्हा ते दिसलंच नाही, तिचा जीव भांड्यात पडला होता. चंद्री कुठं, असं तिनं विचारलं. तो थांबला नाही.

"गुरं घरी पोचली की सांगायला ये," एवढंच म्हणाला आणि पुढं गेला.

ती चढण चढून वर आली. कुंपणाच्या आत चंद्री पडली होती, तोंडाला फेस, गळा मोकळा. आणि खिंडारात झिबल निजला होता. अंगावर ओरखडा नाही, अंग मात्र गार. चंद्री पडली, तसा त्याचाही जीव गेला असणार. डोळे उघडे, गावाकडं लागलेले. बाकीच्या गुरांच्या खुणा त्याच्यापर्यंत येऊन मागं वळल्या होत्या.

पार्बता तिथंच बसून पोटभर रडली. मग उठून गावात गेली. ज्याचं त्याचं गुरू ज्याच्या त्याच्या दारात उभं होतं आणि आखरावर घंटा पडली होती. घरोघर फिरून तिनं सगळी गुरं डोळ्यांनी पाहिली, मग परत खिंडारापाशी आली आणि वाकून म्हणाली, "अवो, पोचली सगळी." तेव्हा कुठं त्याचे डोळे मिटले, असं म्हणतात.

आजूबाजूच्या गावांत पाडव्याला गायकी अजून निजतो. आपल्या गावात तो हात पसरून उभा राहतो, आणि गुरं थांबतात. मग सगळा गाव ती लाकडी घंटा घेऊन खिंडारापाशी जातो. तिथं माणूस निजेल एवढ्या जागेत काही उगवत नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई तिथं वाकते आणि म्हणते, "अवो, पोचली सगळी."

पण एखादं गुरू रानात राहिलं असेल, तर म्हातारी तोंड उघडत नाही. कंदील घेऊन माणसं रानात जातात, आणि ते सापडेपर्यंत गावात दिवाळीचा दिवा लागत नाही.