गोलकीपर कुठं झेपावतो

तालमीच्या भिंतीवर अनवाणी पायानं मारलेल्या बॉलचा धप्प आवाज शिदूतात्यांनी तीस वर्षांपूर्वी ऐकला होता. तो मारणारा आनंदा आता कोल्हापुरातल्या कॉलेजचा कोच होता, आणि सलग तीन फायनल हरल्यामुळे आज त्याची नोकरी जाणार होती. अध्यक्षांनी जिंकणाऱ्या कॉलेजचा कोच, निंबाळकर, फोडून आणला होता. मैदानावर कॉलेजच्या पोरांची ही झुंबड उडाली.

"घ्या की ओ साहेब! औंदा त्यांची जिरवायचीच!" पोरं अध्यक्षांना ओरडून सांगत होती.

पांढऱ्या फक्कीनं मैदानाच्या रेषा आखणारे शिदूतात्या सावकाश पुढं आले. "सर, तुमच्या जुन्या टीमचा गोलकीपर पेनल्टीला कुठं झेपावतो?"

"कायम डावीकडं!" निंबाळकर खुशीत म्हणाला. "आणि त्यांच्या कॅप्टनचा उजवा गुडघा दुखतोय. कुणाला ठाऊक नाही. तिथंच धडका द्या!"

पोरांनी शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

तात्या अध्यक्षांकडं वळले. "ठेवा ह्यांना, साहेब. फक्त आपल्या पोरांचं कुठं दुखतंय, तेवढं ह्यांना कळू देऊ नका."

शिट्ट्या थांबल्या. अध्यक्षांनी नेमणुकीचं पत्र घडी करून खिशात घातलं. निंबाळकर फाटकाकडं चालू लागला.