खेकडूच्या बिळावर पोतं

एक होता खेकडू. एवढासा, सुपारीएवढा. बंदराच्या धक्क्याजवळ वाळू, वाळूत त्याचं बीळ. खेकडू तिरका चालायचा. सरळ जा म्हटलं तरी तिरकाच.

एकदा काय झालं, तापाची साथ आली. या गावाला आली, त्या गावाला आली, समुद्रापलीकडच्या गावांनाही आली. बाजार बंद झाले. जहाजं जिथल्या तिथे थांबली. कोणी कोणाच्या दारात जाईना.

खेकडूला यातलं काही माहीत नव्हतं. तो गेला शेवाळ खायला. परत येतो तर काय, बिळावर पोतं! भलं मोठं, तांदळाचं, तोंड शिवलेलं. जहाजावर चढवायला आणलं होतं, ते तिथेच राहिलं.

वर आभाळात घार. घार गोल गोल फिरते. घारीला खेकडे फार आवडतात. खेकडू घाबरला.

"पोत्या पोत्या,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

पोतं म्हणालं, "रावजी हमाल मला उचलत नाही, तोवर मी उठत नाही."

खेकडू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. रावजी धक्क्यावर बसला होता. हाताला काम नव्हतं, म्हणून नुसते हात बघत होता.

"रावजीदादा, रावजीदादा,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

रावजी म्हणाला, "मचवा हलत नाही, तोवर मी उचलत नाही. उचलून ठेवू कुठे? डोक्यावर?"

खेकडू निघाला. तुरुतुरु, तुरुतुरु. मचवा म्हणजे शिडाची मोठी होडी. मचवा वाळूवर कलंडला होता. शिडाला जळमटं लागली होती.

"मचव्या मचव्या,
रावजी उचलत नाही,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

मचवा म्हणाला, "जहाज बोलवत नाही, तोवर मी हलत नाही."

जहाज होतं खोल पाण्यात. खेकडू पाण्यात शिरला. बुडुक बुडुक, बुडुक बुडुक. जहाज नांगर टाकून उभं होतं. डुलुक डुलुक.

"जहाजा जहाजा,
मचवा हलत नाही,
रावजी उचलत नाही,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

जहाज म्हणालं, "निशाण उतरत नाही, तोवर मी बोलवत नाही."

निशाण होतं उंच डोलकाठीवर. पिवळं पिवळं निशाण. पिवळं निशाण म्हणजे, इथे ताप आहे, लांब राहा. खेकडूनं मान वर केली. खेकड्याला मान नसते, पण केली.

"निशाणा निशाणा,
जहाज बोलवत नाही,
मचवा हलत नाही,
रावजी उचलत नाही,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

निशाण म्हणालं, "फड फड. डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, तोवर मी उतरत नाही."

खेकडू परत किनाऱ्यावर. बुडुक बुडुक, तुरुतुरु. डॉक्टरीणबाई तोंडाला फडकं बांधून बसल्या होत्या.

"डॉक्टरीणबाई, डॉक्टरीणबाई,
निशाण उतरत नाही,
जहाज बोलवत नाही,
मचवा हलत नाही,
रावजी उचलत नाही,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांगा ना, मी कुठे पळू?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "खलाशाचा ताप जात नाही, तोवर मी सांगत नाही."

जहाजावरचा एक खलाशी तापला होता. त्याला किनाऱ्यावरच्या लांबच्या झोपडीत ठेवलं होतं. एकटाच होता बिचारा. खेकडू दाराच्या फटीतून आत गेला.

"खलाशीमामा, खलाशीमामा,
डॉक्टरीणबाई सांगत नाहीत,
निशाण उतरत नाही,
जहाज बोलवत नाही,
मचवा हलत नाही,
रावजी उचलत नाही,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

खलाशी हळूच म्हणाला, "औषध आहे, पण पोटात काही नाही. गुलाबक्का पेज देत नाही, तोवर माझा ताप जात नाही."

गुलाबक्काची होती खानावळ. खेकडू तिथे गेला. तुरुतुरु, तुरुतुरु. चूल गार. पातेलं पालथं.

"गुलाबक्का, गुलाबक्का,
खलाशाचा ताप जात नाही,
डॉक्टरीणबाई सांगत नाहीत,
निशाण उतरत नाही,
जहाज बोलवत नाही,
मचवा हलत नाही,
रावजी उचलत नाही,
पोतं उठत नाही,
बिळाचं दार उघडत नाही.
वर घार, खाली वाळू,
सांग ना, मी कुठे पळू?"

गुलाबक्का म्हणाली, "रोज त्याच्या दारात पेज ठेवायचे रे मी. ठेवायची आणि चार पावलं मागे सरायचं. आता डब्यात दाणा नाही. तांदूळ मिळत नाही, तोवर मी पेज देत नाही."

"तांदूळ?" खेकडू म्हणाला. "माझ्या बिळावर आहे की पोतंभर."

"ते परदेशी जायचंय. त्याला हात लावायचा नसतो."

"कोण म्हणालं?"

गुलाबक्का विचारात पडली. "कोणीच नाही. पण कोणी लावत नाही."

"पोत्याला विचारलंस?"

"पोत्याला कोण विचारतं?"

"मी," खेकडू म्हणाला.

खेकडू पुढे, तिरका तिरका. गुलाबक्का मागे, पातेलं घेऊन.

"पोत्या पोत्या, पेजेपुरते तांदूळ देशील?"

पोतं म्हणालं, "देईन की. मला कोणी विचारलंच नाही. बसून बसून माझं बूड दुखलं."

खेकडूनं नांगी उघडली. सुतळी धरली. कुट्ट! पोत्यातून तांदूळ आले, सळसळ सळसळ. पातेलं भरलं. गुलाबक्कानं सुतळीला गाठ मारली.

चूल पेटली. पेज शिजली, रटरट रटरट. गुलाबक्कानं ती खलाशाच्या दारात ठेवली, चार पावलं मागे सरली. खलाशी उठला. भुरक भुरक, भुरक भुरक.

एक दिवस पेज. दोन दिवस पेज. तीन दिवस पेज. खेकडू तीन दिवस गुलाबक्काच्या परातीखाली राहिला. परात काही घर नव्हे. त्याला आपल्या बिळाची आठवण यायची.

मग चौथ्या दिवशी,
खलाशाचा ताप गेला.
डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "बरा आहे. जहाजावरही कोणाला ताप नाही."
निशाण उतरलं, सर्रर्र.
जहाजानं बोलावलं, भोंऽऽ.
मचवा हलला, चुबुक चुबुक.
रावजीनं उचललं, हुप्प!
पोतं उठलं.
बिळाचं दार उघडलं.

आणि वरून घार आली. सूंऽऽ!

खेकडू पळाला. तुरुतुरु, तुरुतुरु, तिरका तिरका, आत! घारीच्या चोचीत नुसती वाळू.

पोतं गेलं मचव्यातून जहाजावर, जहाजावरून समुद्रापार. तिकडेही एक पातेलं पालथं होतं. ते सुलटं झालं.

बिळाच्या दारात चार तांदूळ सांडले होते. ते खेकडूचे. त्यानं सावकाश खाल्ले. मग आतून वाळू उकरायला लागला, आणि धक्क्यापासून लांब आणखी एक दार केलं.

एक दार बंद, तर दुसरं उघडं.
गोष्ट सरली, आता झोपा थोडं.