लोण चुकवणारा गडी

“...पण अण्णा, माझ्यावर लोण चढला का? सांगा की, चढला?”

अभिनंदन सकाळपासून चौथ्यांदा हेच विचारत होता. शिदूअण्णांनी कपाळावर हात मारून घेतला. चाळीस वर्षं त्यांनी गावची पोरं कबड्डीत घडवली, पण असला गडी पदरी पडला नव्हता. पायात चपळाई म्हणाल तर उदंड, आणि डोक्यात हवा तिच्याहून जास्त.

साखळी सामना तीन गुणांनी हातचा गेला होता. सहा गडी बाद होऊन बाहेर बसले, आत उरला एकटा अभिनंदन. तोही बाद झाला असता, तर समोरच्यांना लोणाचे दोन जादा गुण मिळाले असते आणि इकडचे सातही गडी पुन्हा जिवंत होऊन आत आले असते. पण हा पठ्ठ्या आठ मिनिटं बाद झालाच नाही. चढाईला जायचं, नियमापुरती समोरची निदानरेषा ओलांडायची, हात हलवत परत. तिसऱ्या चढाईला गुण आणलाच पाहिजे, असला नियम तेव्हा नव्हता.

आता ते सहाजण त्याच्या हाताखाली खेळायला तयार नव्हते. रविवारच्या सामन्याच्या यादीच्या कागदावर कप्तानाची जागा अण्णांनी कोरी ठेवली होती.

“आठ मिनिटं मला कुणी शिवू शकलं न्हाई, अण्णा.”

“शिवलं न्हाई.”

“त्येच म्हणतोय मी!”

पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं? अण्णा वैतागून उठले. त्या सहाजणांपैकी भीमाला त्यांनी मैदानात बोलावलं, बाकीच्या पाचजणांना रेषेबाहेर बसवलं.

“चल. त्या पाचजणांशेजारी बस. बाद झालास असं समज.”

मैदानात एका बाजूला एकटा भीमा, दुसऱ्या बाजूला सरावाला आलेली सात पोरं. भीमाच्या आणि त्या सातजणांच्या कानात अण्णा काहीतरी पुटपुटले.

भीमा गेला, रेषा ओलांडून परत आला. समोरचा आला, वाऱ्यावर हात फिरवून गेला. पुन्हा भीमा. पुन्हा तो.

पहिल्यांदा अभिनंदन हसला. पाचव्या फेरीला मांडी बदलली. दहाव्या फेरीला त्याला बसवेना.

“अण्णा, किती वेळ ह्ये?”

“भीमा जिवंत हाय की अजून.”

“तो असंल! आमी काय करायचं हितं बसून?”

भीमा पुन्हा रिकाम्या हातानं परत आला. तसा अभिनंदन ताडकन उठला.

“भीम्या, मर की लेका एकदाचा! आमाला आत येऊ दे!”

शेजारचे पाचजण त्याच्याकडे बघत होते. त्याला फार लाज वाटली. मान वर करवेना.

अण्णा त्याच्या शेजारी मातीत बसले.

“रविवारी परत एकटाच उरलास तर?”

“...मरतो, अण्णा.”

अण्णांनी खिशातून कागद काढला.

“मग कप्तान तूच.”