पांढरी वेस

ही गोष्ट फार जुनी. इतकी जुनी, की त्या राजाचं नाव कुणाला आठवत नाही, आणि त्याचं राज्य नेमकं कुठं होतं तेही कुणी छातीठोकपणे सांगत नाही. एक वेस आणि तिच्यावरच्या काळ्या रेघा तेवढ्या लोकांच्या ध्यानात राहिल्या. तेव्हा लहानांनो, नीट ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका, कारण गोष्ट मोठ्यांच्या लबाडीची आहे.

त्या राज्यात एक रीत होती. गावात चोरी झाली आणि चोर सापडला नाही, की कोतवालानं दिव्याची काजळी बोटावर घ्यायची आणि गावाच्या वेशीवर एक उभी रेघ ओढायची. चोर सापडला, की त्या रेघेवर चुना मारायचा. ही रीत राजाच्या आजोबांनी घातली होती आणि तिचं कारण अगदी साधं होतं. जिथं रेघा जास्त, तिथं राखणदार जास्त पाठवायचे. म्हाताऱ्याला कुणाची लाज काढायची नव्हती, मदत कुठं हवी ते कळावं एवढंच त्याच्या मनात होतं.

पण आजोबा गेले आणि नातू गादीवर बसला. त्याला सगळं कसं पांढरंशुभ्र लागायचं. दसऱ्याला त्याची मिरवणूक राजधानीभोवतीच्या गावांतून निघे. ज्या वेशीवर एकही रेघ नाही, तिथं तो हत्तीवरून खाली उतरे आणि तिथल्या कोतवालाला स्वतःच्या हातानं आपट्याचं पान देई. जिथं रेघा दिसत, तिथं मान वळवून पुढं निघून जाई. झालं. दोन-चार दसऱ्यांतच रेघ म्हणजे गावाच्या तोंडाला फासलेलं काळं, असं सगळे समजू लागले.

त्या राज्यातल्या एका कसब्याचा कोतवाल होता हैबत. तो मूळचा माग काढणारा. धुळीत उमटलेलं पाऊल बघून माणूस लंगडतो की ओझं वाहतो, घाईत आहे की घाबरलेला आहे, हे तो सांगायचा. या नजरेपायीच त्याला कोतवालीची पगडी मिळाली होती, आणि लोक त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. कुणाचं जनावर गेलं की हैबतला बोलवायचं. जनावराच्या पावलाशेजारी माणसाचं पाऊल दिसलं, तर चोरी. नाही दिसलं, तर जनावर सुटून गेलं. हैबत म्हणेल ते खरं, त्यावर पुन्हा बोलणं नाही.

कोतवालीच्या पहिल्या वर्षी त्याच्या वेशीवर रेघा होत्या आणि राजा मान वळवून निघून गेला. अख्ख्या गावासमोर हैबतचं तोंड एवढंसं झालं. ती लाज त्याच्या फार जिव्हारी लागली. आता लाज वाटण्यात वाईट काही नाही हो, पण ती कशाची वाटावी हे माणसाला कळलं पाहिजे. हैबतला चोऱ्यांची लाज वाटली नाही. त्याला रेघांची वाटली.

मग त्यानं एक युक्ती काढली. रोज सकाळी एक रेडा जुंपायचा, त्याच्यामागं बाभळीची मोठी फांदी बांधायची आणि वेशीपासून ओढ्यापर्यंतची सगळी वाट झाडून काढायची. लोक म्हणाले, वा, काय स्वच्छता ठेवलीय कोतवालानं! धूळ अशी एकसारखी सपाट व्हायची, की त्यात औषधालासुद्धा पाऊल सापडू नये. पाऊल नाही म्हणजे चोर नाही, चोर नाही म्हणजे रेघ नाही. म्हातारा धनगर मेंढी गेली म्हणून आला, तर हैबत म्हणाला, लांडग्यानं नेली असेल. तांबटाची बायको हंडे गेले म्हणून आली, तर तिला म्हणाला, कुठं ठेवलेस ते घरी जाऊन नीट आठव. बिचारी घरी जाऊन आठवत बसली, आणि नवऱ्यानं तिचं नाव विसरभोळी ठेवलं ते कायमचं.

वेस पांढरीफटक झाली. हैबतला आपट्याचं पान मिळालं, गावानं त्याला मिरवलं. खूश होऊन राजानं आणखीही एक गोष्ट केली. इथं चोऱ्याच होत नाहीत तर एवढे राखणदार हवेत कशाला, म्हणून त्यानं ते काढून दुसरीकडं धाडले. मागं राहिले दोघं, तेही खोकून खोकून बेजार झालेले. चोरांना तर तो कसबा म्हणजे माहेरच वाटू लागला. चोरी आपण करावी आणि आपली पावलं सरकारी रेड्यानं पुसावीत, असं सुख त्यांना दुसरीकडं कुठं मिळायला?

वेशीला लागूनच भिवरा नावाच्या एका विधवा तेलिणीचं घर होतं. तिच्याजवळ होता एक लाकडी घाणा आणि तो ओढणारा बैल, चांद्या. घाणा फिरला तर तेल, तेल विकलं गेलं तर भाकरी. दसरा पंधरा दिवसांवर आला असताना एका सकाळी चांद्या दावणीला दिसला नाही.

भिवरा तशीच हैबतकडं धावली. हैबत निघाला तेव्हा नुकतं उजाडत होतं आणि रेडा अजून वाटेवर आला नव्हता. ओढ्याच्या उतारावर त्याला माग दिसला. चांद्याचा पुढचा डावा खूर चिरलेला होता, तो ओल्या मातीत जसाच्या तसा उमटला होता. त्याच्या शेजारी माणसाचं अनवाणी पाऊल होतं, अंगठा बाहेर फाकलेला. ठसा इतका ताजा, की त्याच्या कडासुद्धा अजून ढासळल्या नव्हत्या. त्या पावली निघाला असता, तर दुपारच्या आत हैबतनं चोराची मानगूट धरली असती. हे त्याला स्वच्छ कळत होतं. त्याच्यापेक्षा जास्त ते कुणालाच कळलं नसतं.

पण बरोबर न्यायला धड माणसं नव्हती. चोर हातून निसटला असता तर रेघ ओढावी लागली असती, आणि दसरा तोंडावर होता. भिवरा धापा टाकत मागून येत होती, अजून वळणापलीकडं होती. हैबतनं इकडंतिकडं पाहिलं आणि ते अनवाणी पाऊल आपल्या वहाणेनं घासून टाकलं.

भिवरा पोचली तेव्हा तो तिला म्हणाला, "माणसाचं पाऊल नाही, भिवराबाई. बैल एकटाच गेलाय. दाव्याची गाठ सैल राहिली असेल."

भिवरानं वाकून मातीकडं पाहिलं. मग त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. आपल्याच हातून मुक्या जनावराची आबाळ झाली म्हणून तिला रडू फुटलं. खुरांचा माग पुढं ओढ्याच्या पाण्यात शिरला होता. शोधायला माणसं पाठवतो, असं हैबतनं तिला सांगितलं. माणसं होतीच कुठं पाठवायला! थोड्या वेळानं रेडा आला आणि उरलंसुरलंही झाडून गेला.

दुसऱ्या दिवसापासून भिवरानं घाण्याचा दांडा स्वतःच्या खांद्यावर घेतला. बैलाच्या जागी ती गोल गोल फिरू लागली. येताजाता हैबतच्या कानावर घाण्याची करकर पडे. तो लांबच्या बोळानं जाऊ लागला. पण गोष्टी बोळातूनही कानावर येतातच. भिवरा म्हणे आता घरातली प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघते. सरकीच्या पोत्याची, भाकरीच्या फडक्याची, साध्या पदराचीसुद्धा. आळीतल्या पोरींना सांगते, गाठ नीट मारा गं, माझ्यासारखा घात करून घेऊ नका. हे ऐकलं त्या दिवशी हैबत भरल्या ताटावरून उठला. बायकोनं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

दसरा उजाडला. वेशीवर चुन्याचा नवा हात फिरला होता. सगळा गाव नटूनथटून जमला होता. राजा हत्तीवरून उतरला, पांढरी भिंत पाहून हसला आणि त्यानं आपट्याचं पान हातात घेतलं. तेवढ्यात वाजंत्री थांबली आणि शेजारच्या घरातून करकर ऐकू आली. सणासुदीला घाणा कोण चालवतंय, असं राजानं विचारलं. लोकांनी भिवराला बाहेर बोलावलं. ती घामाघूम होऊन आली. लुगडं खांद्यावर फाटलं होतं आणि खाली दांड्याचा काळानिळा वळ दिसत होता.

बैल कुठं गेला, असं राजानं विचारलं.  शोधायला माणसं पाठवलीच नाहीत म्हणून आता ही सगळ्यांदेखत आपल्या नावानं बोटं मोडणार, असं हैबतला वाटलं.

भिवरानं पदर सावरला. "सुटून गेला, महाराज," ती म्हणाली. "दोष माझाच. गाठ सैल बांधली मी. हैबतदादांनी स्वतः माग बघितला, माणसाचं पाऊल नव्हतं. ते सांगतात म्हणजे नसणारच. त्यांची नजर कधी चुकत नाही."

एवढं बोलून ती शरमेनं खाली बघत उभी राहिली. गावाच्या सणात आपल्यामुळं विघ्न आलं, असंच तिला वाटत होतं.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर हैबतनं त्या गिळल्या असत्या. हात वर करून सुटकाही करून घेतली असती. पण ही बाई त्याची लाज आपल्या खांद्यावर घेऊन उभी होती, दांड्याच्या वळाशेजारीच. हैबतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राजानं पान पुढं केलं. हैबतचा हात काही वर होईना.

तो खाली वाकला आणि त्यानं पायातली वहाण काढून सगळ्यांसमोर ठेवली.

"पाऊल होतं, महाराज," तो म्हणाला. "ते मी या वहाणेनं पुसलं. भिवराबाई, तुझी गाठ पक्की होती."

मग तो वेशीच्या कोनाड्याशी गेला, दिव्याची काजळी बोटावर घेतली आणि त्या पांढऱ्या भिंतीवर एक रेघ ओढली.  म्हातारा धनगर काठी टेकत पुढं आला आणि हळूच म्हणाला, "मग माझी मेंढी रे, हैबता?"

"लांडगा नव्हता, बाबा," हैबत म्हणाला आणि त्यानं दुसरी रेघ ओढली.

तांबटाच्या बायकोनं काही विचारलंच नाही. ती तरातरा चालत आली, तिनं स्वतःच बोटाला काजळी लावली आणि भिंतीवर रेघ ओढून नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं मान खाली घातली. तिच्यामागून आणखी एक आला, मग आणखी एक. जो तो दुसऱ्याकडं बघून थक्क होत होता. आजवर प्रत्येकाला वाटत होतं, की गावात वेंधळे आपण एकटेच. म्हणून कुणी कुणाजवळ बोललाच नव्हता.

राजा हातात पान धरून तसाच उभा होता. आपण काढून नेलेले राखणदार त्याला आठवले. मान वळवून आपण पुढं गेलो ती गावंही आठवली.  "हैबतनं वहाणेनं पुसलं," तो म्हणाला, "आणि मी इतकी वर्षं या पानानं पुसत आलो." त्यानं पान मुठीत चुरगाळलं आणि त्या दिवशी मिरवणूक तिथूनच परत फिरवली.

राखणदार परत आले. हैबतची पगडी उतरली, ते योग्यच झालं. त्या दिवसापासून रेघ ओढायचं काम कोतवालाकडं राहिलं नाही. ज्याचं गेलं, त्यानंच ती ओढायची. काजळीची वाटी वेशीत अशा ठिकाणी ठेवली, की लहान पोराचाही हात पोचावा. पुढच्या दसऱ्याला भिंत काळीच होती. त्याच्या पुढच्या वर्षी थोडी निवळली, कारण चोर खरोखरच धरले जाऊ लागले. अंगठा फाकलेला तोही सापडला.

चांद्या मात्र सापडला नाही; चोरानं तो वाटेतच कुणा परक्याला विकून टाकला होता. हैबत अनवाणी पायांनी ओढ्याच्या दोन्ही काठांनी गावोगाव हिंडला, मातीत नाक खुपसून बसला. पण एकदा पुसलेला माग त्याच्यासारख्याला देखील परत काढता येत नव्हता. राजानं भिवराला एक गोऱ्हा दिला. तो कोवळा होता, घाण्याला तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर मी ओढतो, असं हैबत म्हणाला आणि त्यानं दांडा खांद्यावर घेतला. भिवरानं नको म्हटलं नाही, आणि बस, पाणी पी, असंही म्हटलं नाही. बरेच दिवस ती त्याच्याशी बोललीच नाही. तिनं का बोलावं?

एका संध्याकाळी घाणा थांबला. भिवरानं सरकीच्या पोत्याचं तोंड बांधलं, पोतं कोपऱ्यात टेकवलं आणि ती चुलीकडं वळली. गाठ तिनं दुसऱ्यांदा ओढून बघितली नाही. हैबतनं ते पाहिलं. मग त्यानं आपला चेहरा पंच्यात लपवला.

बोध एवढाच: गुन्हा लपवणारा गुन्हेगाराची लाज, ज्याचं गेलं त्याच्याच माथी मारतो.