कासारणीचा पिंड आणि रुसलेला कावळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं ते विचारू नका, माझं गणित कच्चं आहे. एवढंच सांगतो, की तेव्हा कावळे बोलायचे आणि माणसं ऐकून घ्यायची. आता माणसंच इतकी बोलतात, की कावळ्यांनी नाद सोडला.

एका नदीकाठच्या गावात एक कासारीण होती. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन ती गावोगाव हिंडायची. पेटीत बांगड्या हजार आणि जिभेवर थट्टा दोन हजार! हात कितीही जाड असो, बोलता बोलता ती बाईला अशी हसवायची, की हात आपोआप सैल पडायचा आणि बांगडी सुर्रकन मनगटात जायची.

मग तिच्या पोटात गाठ झाली. वैद्याने नाडी पाहिली, पोट चाचपलं आणि हळूच म्हणाला, "कर्करोग." चौदा महिने ती झगडली. एका सकाळी गेली.

दहाव्या दिवशी गाव नदीवर जमलं. कासाराने भाताचा पिंड ठेवला. सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवला, तर गेलेलं माणूस सुखाने पुढे गेलं. नाही शिवला, तर त्याचा जीव मागे कशात तरी अडकलाय. तुम्ही हसताय, पण तुमच्याही घरी त्या दिवशी माना वर करूनच उभे असतात सगळे.

कावळा आला. पिंडापासून हातभर लांब दगडावर बसला, आणि बसूनच राहिला. पंगतीत रुसलेला जावई जसा!

कासार हात जोडून म्हणाला, "लेकीचं लग्न थाटात करीन गं!" कावळा हलला नाही.

कासारणीची नणंद पुढे झाली. "वहिनी, तुझ्या पुरणपोळ्यांना जन्मभर नावं ठेवली. चुकलं माझं!" कावळ्याने दगडावर चोच पुसली.

शेजारी घाबरून म्हणाला, "वहिनी, तुमची तांबडी कोंबडी मुंगसाने नाही नेली. मीच खाल्ली!" कावळ्याने पाठच फिरवली. गावाने मात्र शेजाऱ्याकडे तोंड फिरवलं.

ऊन कलायला लागलं. भटजींना भूक लागली. त्यांनी दर्भाचा कावळा वळायला घेतला. खरा शिवत नसेल तर गवताचा शिववायचा, अशी सोय आहे ना!

"थांबा भटजी," कासाराची लेक म्हणाली. "माझी आई गवताच्या कावळ्याला फसायची नाही."

"पोरी, सूर्य थांबत नाही. त्या झाडाची सावली खडकाला टेकली, की मी उरकणार."

लेक कावळ्यासमोर जाऊन बसली. "काय हवंय रे तुला?"

"कासारीण हवीय," कावळा म्हणाला. "रोज मला भाकरीचा तुकडा द्यायची. एकदा मिरची म्हणून हिरव्या बांगडीचा तुकडा दिलान् आणि पोट धरधरून हसली. तिचा पिंड म्हणून आलो. पण ती आहे कुठे इथे?"

"हा तिचाच पिंड आहे."

"हॅ! दहा दिवस तुमच्या कौलावर बसून ऐकतोय. किती वाळली, किती कण्हली, काय काय सोडलं. बावन्न वर्षांची बाई आणि चौदा महिन्यांचं दुखणं. तुम्ही बाई घरी ठेवलीत आणि दुखणं नदीवर आणलंत! दुखण्याशी माझी ओळख नाही. त्याचा भात मी खाणार नाही."

लेकीचे डोळे भरले. "मलाही ती दिसत नाही रे. डोळे मिटले, की खाटेवरचीच आई समोर येते. आधीचा चेहराच सापडत नाही."

"मग डोळे मिटतेस कशाला? हाताकडे बघ."

लेकीने मनगटाकडे पाहिलं. आईने भरलेल्या बांगड्या. त्या भरताना आई काय म्हणाली होती? लेकीला आधी आवाज आठवला. मग आवाजामागून दात आठवले, मग गालावरची खळी, आणि एकदम सगळी आई.

ती गावाकडे वळून हसतच म्हणाली, "अहो, या बांगड्या भरताना आईने सांगितलं होतं. राजवाड्यात बांगड्या भरताना राणीची मूठ सुटेना, तेव्हा आई म्हणाली, 'राणीसाहेब, मूठ सोडा की! राज्य काही खाली सांडत नाही!' दरबार गारठला. राणी इतकी हसली, की डझनभर बांगड्या चढल्या तरी तिला पत्ता नाही!"

नणंद फिसकन हसली. मग काय, बांध फुटला. ज्याला त्याला आपली कासारीण आठवली. भटजी दर्भ वळता वळता म्हणाले, "मला म्हणाली होती, 'मंत्रात हात एवढे हलवता, तर दोन बांगड्या भरून देऊ का? निदान ताल तरी धरतील!'"

शेवटी कासार बोलला. "शेवटच्या महिन्यात हात काडीसारखा झाला होता तिचा. मी रडत बसलो होतो. तिने बांगडी घातली, ती थेट खांद्यापर्यंत गेली. म्हणाली, 'अहो, बघा तरी! जन्मभर लोकांचे जाड हात दाबले, आणि असा सोपा हात मिळाला तो माझाच!'"

सगळे रडले आणि सगळे हसले, आणि कोण काय करतंय ते कोणालाच कळेना. सावली खडकाला टेकून पुढे गेली, तरी भटजींना भान नाही.

मग लेक ओरडली, "बाबा, पिंड!"

पानावर शीतसुद्धा नव्हतं. ज्या घडीची दिवसभर वाट पाहिली, ती कोणीच पाहिली नाही. आणि भटजींचा दर्भाचा कावळाही गायब! वर झाडावर खरा कावळा तो घरट्यात खोचत होता.

"सुटली गं बाई!" नणंद म्हणाली.

"सुटली कसली?" लेक म्हणाली. "परत आली!"

पुढे लेकीने आईची पेटी उचलली. गावोगाव हिंडून ती बांगड्या भरते आणि प्रत्येक मुठीला राणीची गोष्ट सांगते. त्या गावात तेव्हापासून रीतच पडली. दहाव्याला आधी गेलेल्याची एक हसवणारी गोष्ट सांगायची, मगच पिंड ठेवायचा. तिथले कावळे अजून एकदाही रुसलेले नाहीत. भटजी तेवढे रुसतात, जेवायला उशीर होतो म्हणून.

बोध एवढाच, की आपलं माणूस आठवताना त्याचं सगळं जगणं आठवावं, त्याच्या जागी त्याच्या दुखण्याला बसवू नये.