मालक भिजत घातला

एका गावात एक भोळा केरबा होता. गाव कुठलं ते विचारू नका, तिथली माणसं अजून चिडून हायत.

केरबाची बहीण हौसाक्का नवऱ्याबरोबर पार पोर्तुगालात गेली, पोर्तो नावाच्या जुन्या शहरात. तिथं नदीकाठी दोघांचं भज्यांचं दुकान. जागेचा मालक म्हातारा आल्वारो. तरुणपणी गोव्यात राहिलेला, आपली भाषा मोडकीतोडकी बोलायचा. तो खूश तर दुकान राहणार, न्हाईतर गाशा गुंडाळून गावाकडं.

केरबा मदतीला गेला. अक्का म्हणाली, "आधी शहर हिंडून ये. इथलं खाणंपिणं शिकून घे."

केरबा खानावळीत बसला. वेटरनं न मागताच पाव, चीज, ऑलिव्ह समोर ठेवले. केरबा म्हणाला, काय माया हाय लोकांची! सगळं हाणलं. मागनं बिल आलं.

अक्का म्हणाली, "खुळ्या, ते फुकट नसतंय! न मागता कुणी पुढं ठेवलं, तर 'मागितलं न्हाई, घेऊन जा' म्हणायचं."

"बरं अक्का."

दुसऱ्या दिवशी दाजींनी त्याला मालकाकडं भजी देऊन धाडलं. मालक खूश. त्यानं कपाटातनं बापाच्या वेळची गोड वाइन काढली आणि पेला भरून पुढं केला.

केरबा म्हणाला, "मागितली न्हाई. घेऊन जा."

मालकाच्या मिशा थरथरल्या.

दाजींनी कपाळ बडवलं. "अरं, म्हाताऱ्या माणसानं प्रेमानं दिलेलं तिथल्या तिथं तोंडात घालायचं! कणभर ठेवायचं न्हाई!"

"बरं दाजी."

केरबा माफी मागायला गेला. मालक मोठ्या मनाचा. त्यानं खारवलेला अख्खा कॉड मासा दिला. फळीसारखा ताठ, मिठानं पांढराफेक. केरबानं तिथंच शेपटीकडनं सुरुवात केली. कडाम! दाढ हलली. डोळ्यांना धार लागली.

"अरे बाबा, शिजव तरी!" मालक ओरडला.

"न्हाई मालक. प्रेमाचं हाय."

घरी येऊन केरबानं घागरभर पाणी ढोसलं.

अक्का म्हणाली, "मुडद्या, वाळलेलं, मिठानं पांढरं झालेलं काहीबी दिसलं की आधी पाण्यात बुडवायचं. दोन दिवस. पाणी बदलत राहायचं. मगच जेवणाला घ्यायचं!"

"बरं अक्का. आता चुकायचो न्हाई."

रविवारी मालकाला जेवायला बोलावलं. जागेचं आजच ठरणार होतं. अक्का आत रश्शाला फोडणी देत होती, दाजी परसात निखाऱ्यावर मासळी भाजत होते. केरबा दारात उभा.

ऊन मरणाचं. पोर्तोचे चढउतार तुडवत मालक आला. अंगानं काटकुळा, वाळलेला. घाम सुकून सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे. केरबानं निरखून बघितलं. पट्ट्यावर बोट फिरवून चाटलं.

खारट.

"मालक," केरबा म्हणाला, "जरा नदीवर चला."

थोड्या वेळानं अक्का पदराला हात पुसत बाहेर आली. "मालक आले न्हाईत व्हय रं अजून?"

"कवाच आले."

"मग कुठं हायत?"

"भिजत घातलेत."

"काय?"

"घाटाच्या पायरीवर, गळ्याइतक्या पाण्यात. होडीच्या कडीला बांधलेत, वाहून जायचे न्हाईत. आणि पाणी बदलायची कटकटच न्हाई अक्का, नदी आपली आपण बदलतीया."

"गेलं! दुकान गेलं!" करत दाजी हातातल्या चिमट्यासकट पळाले. अक्का बोंबलत त्यांच्या मागं.

केरबा पाठीमागनं जीव तोडून ओरडला, "अवो दाजी, आत्ताच काढू नका! खारट राहतील!"